ओसाड बेटांवर सात शिव कोरले कुणी?

‘मुंबई म्हणजे मुळात सात ओसाड बेटं. पोर्तुगीजांनी नाव दिलं बॉम बाहिया. पुढे ती इंग्लंडच्या राजाला हुंड्यात मिळाली आणि इंग्रजांनी शून्यातून शहर उभारलं.’ व्हॉट्सॲपवर हे दर दोन महिन्यांनी फिरतं. काल आमच्या घरच्या ग्रुपवरही आलं, तेही हात जोडलेल्या इमोजीसकट.

आधी ‘ओसाड’चं बघू. कान्हेरीची शंभरावर लेणी मी मुद्दामच बाजूला ठेवतो. ती उत्तरेकडच्या साष्टी बेटावर, सात बेटांत नाहीत. पण परळ तर सातांतलंच ना? तिथे 1931 साली रस्त्याचं काम चालू असताना एक शिळा निघाली. उंची जवळपास साडेतीन मीटर, काळ साधारण सहाव्या शतकाचा. मधोमध उभा शिव; त्याच्या मागून वर दुसरा निघालाय, त्याच्याही वर तिसरा आणि दोन्ही अंगांनी आणखी दोन-दोन. असे एकाच दगडात सात. पायाशी वाद्यं घेतलेले गण. एवढं काम करायचं तर कारागीर लागतात, त्यांना पोसणारा लागतो आणि पुजणारेही लागतात. मूर्ती आजही परळच्या बारादेवी मंदिरात पूजेत आहे. माहीमला सुफी संत मखदूम अली माहिमींचा दर्गा आहे. ते वारले 1431 मध्ये, म्हणजे वास्को द गामा कालिकतला लागायच्या 67 वर्षं आधी.

नावाचं एका दमात सांगून टाकतो. पोर्तुगीजमध्ये ‘बाहिया’ स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे चांगल्या उपसागराला ते ‘बोआ’ म्हणतील, ‘बॉम’ नाही. शिवाय ही बेटं गुजरातच्या बहादूरशहाकडून त्यांना मिळाली 1534 मध्ये. त्याआधीच त्यांच्याच दुआर्ते बार्बोसा या लेखकाने ‘ताना-मायांबू’ असं लिहून ठेवलंय. मुंबाआई ऐकू येतेच त्यात.

हुंडा खरा, पोर्तुगीज राजकन्येशी लग्नाचा करार 1661 चा. पण आजची अख्खी मुंबई त्यात नव्हती. इथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी इतकी टाळाटाळ केली की प्रत्यक्ष ताबा मिळायला 1665 उजाडलं. वांद्रे, अंधेरी, बोरिवली ज्या साष्टीत येतात ती त्यांनी सोडलीच नाही. 1737 ते 1739 च्या दरम्यान मराठ्यांनी घेतली आणि इंग्रजांच्या हाती लागली ती थेट 1774 मध्ये. राजालाही या आंदणाचं फारसं कौतुक नसावं, कारण 1668 मध्ये त्याने बेटं ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला 10 पौंड भाड्याने देऊन टाकली.

राहिलं ‘उभारलं’. कंपनीच्या काळात भराव पडले, बंदर वाढलं, हे कोण नाकारतंय? पण पैसा दर वेळी सरकारचा होता असं समजू नका. माहीम आणि वांद्र्याच्या मधल्या खाडीवर रस्ता बांधायला सरकार तयार नव्हतं. तेव्हा पारशी दानशूर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी जमशेटजींनी 1,57,000 रुपये काढून दिले. अट एकच, ये-जा करणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही. 1845 मध्ये तो रस्ता खुला झाला. माहीम कॉजवे म्हणतात तो हाच.