दुसरं गणित लावताय? मग पहिल्यातलं काय काढणार?

होमस्कूलिंगवाल्या पालकांच्या गप्पा झाडांवरून सुरू होवोत, पोहण्याच्या क्लासवरून होवोत नाहीतर कोणाच्या तरी डब्यातल्या थालीपिठावरून, शेवटी गाडी गणितावरच येते. आणि तिथे हल्ली एकच प्रश्न ऐकू येतो: "तुम्ही गणिताला सोबत काय लावलंय?" म्हणजे मुख्य पुस्तक घरात आहे, ते चालू आहे, मूल शिकतंय, तरी सोबत काहीतरी लावलेलं असणारच हे गृहीत. नसेल तर समोरच्याच्या चेहऱ्यावर आपल्या मुलाबद्दल हलकीशी काळजी दिसते.

आम्हीही लावलंय. त्यामुळे दुसरा करिक्युलम नकोच, असं म्हणायला मी हे लिहीत नाहीये. माझं म्हणणं एवढंच की दुसरं पुस्तक घरात आणण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं देता आली पाहिजेत. पहिल्यात नेमकं काय कमी पडतंय? आणि दुसरं सुरू झालं की पहिल्यातलं काय बंद होणार? पहिल्या प्रश्नाला बहुतेक जण काहीतरी उत्तर देतात. दुसऱ्यावर शांतता.

आमची लेक अकरा वर्षांची आहे. गणिताचा कणा बालभारतीचा, मराठीतून. यावरही नाकं मुरडली जातात. "घरीच शिकवायचं तर मग सरकारी पुस्तक कशाला?" अहो, कारण ते चांगलं आहे. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर १९६७ पासून ही संस्था आहे, पुस्तकांच्या पीडीएफ फुकट उतरवून घेता येतात, व्याख्या नीटनेटक्या आहेत आणि प्रकरणं आटोपशीर. सहावीच्या पुस्तकात कोन, पूर्णांक, अपूर्णांकांवरच्या क्रिया, मसावि-लसावि, समीकरणं, शेकडेवारी आणि थेट बँक व सरळव्याजापर्यंत सगळं येतं, तरी पुस्तक हातात जड होत नाही. फक्त एक लक्षात ठेवायचं: ते वर्गासाठी लिहिलेलं आहे. सरावसंच झाला की बाई फळ्यावर आणखी उदाहरणं घालणार, वर्गातलं एखादं मूल वेगळीच रीत सांगणार, हे त्यात धरलेलं आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर फळा नाही आणि वर्गही नाही. तेवढी जागा घरच्यांनी भरायची असते, आणि ती कशाने भरायची यावरच सगळी चर्चा व्हायला हवी.

आमच्याकडे अडलं ते अपूर्णांकांत. बेरीज, वजाबाकी, छेद समान करणं, सगळं बिनचूक. पण शाब्दिक उदाहरण आलं की "गुणायचं की भागायचं?" हा प्रश्न. हे उदाहरण बघा. डब्यातले २/५ लाडू सोमवारी संपले, उरलेल्यांपैकी १/३ मंगळवारी संपले, आता १२ लाडू आहेत, तर सुरुवातीला किती होते? अपूर्णांकांची बेरीज पक्की असलेलं मूल काय करतं? २/५ आणि १/३ यांची बेरीज करतं, ११/१५. म्हणजे उरले ४/१५. ते जर १२, तर एकूण ४५. उत्तर छान पूर्ण संख्येत आलं, शंका घ्यायला कुठे जागाच नाही. आणि ते साफ चूक. रीत जितकी पक्की, तितकी ही चूक आत्मविश्वासाने होते. अशा मुलाला बेरजेची आणखी पन्नास गणितं दिलीत तर काय सुधारणार? बेरीज बरोबरच होती की.

इथे आम्ही सिंगापूर पद्धतीचं पुस्तक आणलं. तिथल्या शिक्षण खात्याने १९८० च्या दशकात पट्ट्यांची रीत बसवली: आधी वस्तू हाताळायच्या, मग चित्र, मग चिन्हं, आणि मधल्या चित्राच्या पायरीवर भरपूर वेळ काढायचा. मूळ कल्पना जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाची. १९९५ च्या टिम्स या आंतरराष्ट्रीय चाचणीत सिंगापूरची मुलं गणितात पहिली आली आणि त्यानंतर ही पुस्तकं अमेरिकेतल्या होमस्कूलिंगवाल्यांत पसरली. लाडवांचं उदाहरण त्या रीतीने असं होतं: एक लांब पट्टी काढा, पाच सारखे भाग करा. दोन भाग सोमवारचे, खोडा. उरले तीन. त्यातला एक मंगळवारचा, खोडा. उरलेले दोन भाग म्हणजे १२ लाडू, एक भाग ६ चा, पाच भाग ३०. ना क्ष, ना छेद समान करणं. "उरलेल्यांपैकी" हा शब्द वाचताना निसटतो, पट्टी काढताना निसटू शकत नाही, कारण उरलेलं डोळ्यासमोर असतं.

बरं, ही पट्टी आपल्याच पुस्तकावर काढता येत नाही का? येते. पण मला ती कधी काढायची, कुठे थांबवायची हे माहीत नव्हतं, आणि पुस्तकात सोप्यापासून अवघडपर्यंत उदाहरणांची उतरंड लावलेली असते. त्या उतरंडीचेच पैसे दिले. बाकीच्या पुस्तकाचे नाही. मोठी बेरीज, भागाकार, घड्याळ, आलेख, ते सगळं लेकीला येत होतं, म्हणून ती प्रकरणं उघडलीच नाहीत. एवढं महाग पुस्तक आणि अर्ध्याहून जास्त कोरं, यावर घरात बोलणी खाल्ली. पण विकत घेतलंय म्हणून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत करून घेणं ही आपली काटकसर, मुलाची शिक्षा.

आता काय काढलं ते सांगते. ज्या महिन्यांत पट्ट्या चालू होत्या, त्या महिन्यांत बालभारतीचा अपूर्णांकांचा सरावसंच आम्ही बाजूला ठेवला. नंतर त्यातली थोडी निवडक गणितं करून घेतली, जमतंय ना एवढं बघायला. गणिताची वेळ आधी होती तेवढीच राहिली. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण माझ्या ओळखीत सकाळी एक पुस्तक, दुपारी दुसरं, आणि जेवणानंतर टॅबवर तिसरं, अशी घरं आहेत. शाळेतून मूल काढलं ते ओझं नको म्हणून, आणि घरी गणिताच्या तीन शाळा भरवल्या! बरं, दोन्ही पुस्तकं पूर्ण केली की एकाच घटकाची तीच पहिली सोपी दहा उदाहरणं दोनदा होतात, आणि अवघड उदाहरणांपर्यंत पोचेस्तोवर मूल कंटाळलेलं असतं. मग आपण म्हणतो, याला गणिताची आवडच नाही.

दोन पुस्तकांचा क्रमही जुळत नाही, याचा विचार आधी केलेला बरा. प्रत्येक पुस्तक आपापल्या हिशेबाने आधीचं शिकवलेलं धरून चालतं. काही पुस्तकं एक घटक घेऊन तळ गाठतात आणि मगच पुढे जातात, काही रोज थोडं जुनं थोडं नवं फिरवत ठेवतात. पहिल्या प्रकाराला दुसऱ्या प्रकारची जोड एकवेळ उपयोगी पडते. एकाच प्रकारची दोन लावून काय मिळतं ते मला अजून कोणी समजावून सांगू शकलेलं नाही. शिवाय परदेशी पुस्तकांच्या बारीकसारीक कटकटी: अमेरिकन आवृत्ती असेल तर इंच आणि औंस, २५ सेंटचं नाणं माहीत आहे असं धरलेलं, आणि स्वल्पविराम भलतीकडेच. आपण दहा लाख १०,००,००० असे लिहितो, ते १,०००,०००. मोठ्या संख्यांचं वाचन नुकतंच शिकणाऱ्या मुलाच्या हातात हे एकदम देऊ नका. आम्ही मोठ्या संख्या फक्त बालभारतीतून केल्या, लाख-कोटीतच. मेट्रिक आवृत्ती मिळते, घेताना तेवढं बघून घ्या.

दुसरा करिक्युलम विकतच आणावा लागतो असंही नाही. आमच्याकडे एक आजोबांच्या डोक्यात आहे: निमकी, पावकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. पाऊणकी म्हणजे पाऊणाचा पाढा: दोनाला दीड, तिनाला सव्वादोन, चाराला तीन. मटार सोलता सोलता आजोबा विचारतात, लेक उत्तर देते, कधी उलटं. पाठांतर म्हणून याला हसणारे आहेत. त्यांनी या मुलीला पाऊण किलोचा भाव मंडईत तोंडी काढताना बघावं. त्या बदल्यात अर्धा-पाव भाग काढायची सरावाची गणितं मी वहीतून काढूनच टाकली.

आणि वजाबाकीच्या वर्कशीटांऐवजी कापरेकर. देवळालीच्या शाळेत शिकवणारे, आपल्या फर्ग्युसनमध्ये शिकलेले द. रा. कापरेकर. त्यांनी १९४९ मध्ये सांगितलेली गंमत: चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लहान, आणि वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच (तीन अंकी आलं तर आधी शून्य लावून). ३५२४ घेतलं तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. आणि एकदा ६१७४ आलं की पुढे तेच येत राहतं. कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचता. हातच्याची इतकी वजाबाकी कुठलंही मूल आपणहून करणार नाही. इथे करतं, कारण ६१७४ आलं नाही तर चूक आपलीच हे त्याला माहीत असतं, तपासायला आई लागत नाही. एनसीईआरटीच्या सहावीच्या नव्या 'गणित प्रकाश'मध्येही हे दिलंय, आणि ते पुस्तकही फुकट उतरवता येतं.

स्कॉलरशिपची गाइडं बरेच जण सुचवतात. अप्पा बळवंत चौकात ढिगाने मिळतात, बुद्धिमत्ता चाचणीतली काही उदाहरणं खरोखर झकास असतात. पण चार पर्याय समोर असले की मूल गणित सोडवत नाही, पर्याय खोडतं. आमच्याकडे ती पर्याय झाकून सोडवली जातात. अबॅकसबद्दल विचारू नका, मी भांडेन.

परीक्षेची भीती दाखवणाऱ्यांसाठी: एनआयओएसच्या, म्हणजे शाळेत न जाताही परीक्षा देता येते त्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या, दहावीला गणित सक्तीचं नाही, विषय आपण निवडायचे असतात. लेक गणित घेईल असं मला वाटतं, पण अकराव्या वर्षी दोन-दोन पुस्तकं लावायला ते कारण पुरत नाही. कमी काय पडतंय हे वहीत दिसत असतं. महिन्याभराच्या चुका एका ठिकाणी लिहून बघा. बहुतेकदा त्या दोन-तीन प्रकारांतच बसतात, आणि मग अख्खा करिक्युलम लागत नाही, एक प्रकरण पुरतं.

तर, सिंगापूर पद्धतीचं पाचवीच्या पातळीचं पुस्तक आणि वर्कबुक, मेट्रिक आवृत्ती, आमच्याकडे रिकामं झालंय. अपूर्णांकांची पानं पेन्सिलने भरलेली आहेत, बाकी कोरं करकरीत. कोथरूड-कर्वेनगर भागात कोणाला हवं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. पैसे नकोत. फक्त त्याच्या बदल्यात काय बंद करणार आहात, ते घ्यायला याल तेव्हा विचारणार आहे.