१९१९ च्या कराराने इराण ब्रिटिशांचे मांडलिक झाले नव्हते

‘१९१९ च्या करारान्वये इराण ब्रिटिश साम्राज्याचे संरक्षित राज्य बनले’ असे विधान सध्या फिरत आहे. ते चुकीचे आहे. ९ ऑगस्ट १९१९ रोजी तेहरानमध्ये ब्रिटिश राजदूत पर्सी कॉक्स आणि इराणचे पंतप्रधान वुसूक-उद-दौला यांनी सह्या केलेल्या या कराराच्या पहिल्याच कलमात इराणचे स्वातंत्र्य मान्य केलेले होते. अर्थात, सैन्य आणि वित्त ही दोन्ही खाती ब्रिटिश सल्लागारांच्या हाती गेल्यावर त्या स्वातंत्र्यात कितीसे उरले असते, हा प्रश्न रास्तच आहे, आणि तेव्हा ब्रिटिश परराष्ट्र खाते सांभाळणाऱ्या लॉर्ड कर्झन यांचा हेतूही हिंदुस्थानच्या पश्चिमेकडील वाट सुरक्षित करण्याचाच होता. सल्लागारांचा खर्च इराणनेच सोसायचा होता. सोबत सात टक्के व्याजाने २० लाख पौंडांचे कर्ज होते. वाटाघाटी करणाऱ्या तिघा इराणी मंत्र्यांना गुप्तपणे सुमारे चार लाख तोमान (इराणी चलन) देण्यात आले, हे मात्र खरे आहे. परंतु इराणी राज्यघटनेनुसार आवश्यक असलेली मजलिसची, म्हणजे इराणी संसदेची, मंजुरी या कराराला कधीच मिळाली नाही. जून १९२० मध्ये वुसूक पायउतार झाले, आणि फेब्रुवारी १९२१ च्या सत्तांतरानंतर सय्यद झिया यांच्या सरकारने करार रद्द झाल्याचे जाहीर केले.