फरक मराठी मथळ्यात दिसतो

‘दृश्य साधनाने उभारलेली थीम आणि हाताने लिहिलेली थीम यांतला फरक वाचकाला कळत नाही’ हे संकेतस्थळांच्या थीमवरील (रंगरूप ठरवणाऱ्या साच्यांवरील) लेखातले विधान मला मान्य नाही; मराठी संकेतस्थळावर तो पहिल्या मथळ्यातच कळतो. कोड न लिहिता माउसने पाने रचू देणाऱ्या या दृश्य साधनांतले तयार आराखडे बहुधा रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात, त्यामुळे मथळ्याला दिलेले अक्षरांतर (अक्षरांमधली जादा जागा) देवनागरीची शिरोरेषा तोडते आणि ओळ-उंची (अक्षराच्या आकाराच्या पटीत मोजलेले ओळींमधले अंतर) १.१ इतकी कमी असली की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात.

अशाच साधनाने उभारलेल्या आमच्या वाचनालयाच्या वर्डप्रेस (संकेतस्थळे चालवण्याची प्रणाली) संकेतस्थळावर हा दोष मी स्वतः निस्तरला आहे. प्रत्येक मथळ्याची मापे त्या त्या पानासोबत डेटाबेसमध्ये साठवलेली असल्याने चाळीसेक पाने एकेक करून उघडावी लागली. ते साधन, म्हणजे वर्डप्रेसला जोडलेले प्लगइन, बंद करून पाहिले, तर मजकुराभोवती चौकटी कंसांतल्या शॉर्टकोडचे (त्या प्लगइनलाच कळणाऱ्या आज्ञांचे) जंजाळ उरले. अखेर साधी थीम हाताने लिहिली आणि तिच्या सीएसएस फाइलमध्ये (दिसण्याचे नियम असलेल्या फाइलमध्ये) अक्षरांतर शून्य व ओळ-उंची १.५ करणाऱ्या दोन ओळी पुरल्या. वर्डप्रेस ५.० सोबत २०१८ मध्ये आलेला ब्लॉक संपादक (पान ठोकळ्याठोकळ्यांनी रचण्याची सोय) मजकूर बव्हंशी साध्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानांच्या मूळ भाषेत, ठेवतो. दृश्य साधनच हवे असेल तर निदान तो वापरावा, एवढे तरी लेखात यायला हवे होते.