अर्ज नंतर, दुरुस्ती आधी

प्रवेशाचे दिवस आले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बातम्यांत दोन तक्रारी हमखास असतात. पहिली अशी की कॉलेजचा सगळा कारभार ऑनलाइन करून मुलांचे हाल चाललेत, जुना कागदच बरा होता. दुसरी अशी की पोर्टलवर कन्नड आहे, इंग्रजी आहे, मग मराठी का नाही? फिनलंडमध्ये राहून हे वाचताना दोन्ही तक्रारी पटतात. फक्त दोन्हीचा रोख अर्जावर आहे, आणि अर्ज ही आता अडचण राहिलेली नाही. गावात सरकारी सेवांचं 'ग्राम वन' (इंग्रजी 'वन', म्हणजे एक) केंद्र आहे, शहरात गल्लोगल्ली सायबर कॅफे आहे, अर्ज कोणीतरी भरून देतंच. अडतं ते चूक निघाल्यावर.

2021 पासून कर्नाटकातल्या पदवी कॉलेजांचे प्रवेश, परीक्षा आणि निकाल यूयूसीएमएस या राज्यव्यापी प्रणालीवर गेले. शिष्यवृत्ती राज्याच्या एसएसपी या शिष्यवृत्ती पोर्टलवर, जात-उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) आरडी क्रमांकासह, म्हणजे दाखल्याच्या स्वतःच्या क्रमांकासह, ओळख आधारवर. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याची माहिती अशी चार ठिकाणी असते आणि चारही ठिकाणी नाव जुळावं लागतं. सीमाभागात ते जुळत नाही, याचं कारण साधं आहे. मराठी शाळेत नाव देवनागरीत लागतं, महसुली नोंद कन्नडमध्ये होते आणि दोन्हींवरून रोमन नाव वेगवेगळे लोक तयार करतात. शाळेतला 'डी'ने सुरू होणारा ज्ञानेश्वर कन्नड नोंदीतून बाहेर पडताना 'जे'वर जातो. लक्ष्मणमधला 'एक्स' जाऊन 'केएसएच' येतो. शिवाय एका कागदावर आद्याक्षरं, दुसऱ्यावर वडिलांचं पूर्ण नाव, तिसऱ्यावर आडनाव आधी. कागदाच्या काळात खिडकीतला कारकून हे बघून 'तोच आहे हा' म्हणायचा, नाहीतर मुख्याध्यापकांचं पत्र आणायला सांगायचा. यंत्राला 'तोच आहे हा' म्हणता येत नाही. (कारकुनालाही ते कधीकधी चहापाण्याशिवाय म्हणता यायचं नाही, हे जुन्या कागदाच्या आठवणींत सहसा गाळलं जातं.)

इथे दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे आणि तो कोणी सांगत नाही. पदवीपर्यंतचं नाव दहावीच्या मार्क्स कार्डाप्रमाणे चालतं, म्हणून मार्क्स कार्ड धरून बाकीचे कागद वळवायचे. उलटं करायला जाऊ नये, कारण मंडळाकडून नाव बदलून घेणं सगळ्यांत किचकट. पहिलं आधार. पण आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे सायबरवाल्याला 'बघा काहीतरी करून' म्हणून एक संधी वाया घालवू नये. मार्क्स कार्डाची प्रत समोर ठेवून एकेक अक्षर तपासावं. आधार नीट झाल्यावर नाडकचेरीचा दाखला त्याच नावाने नव्याने काढायचा, म्हणजे नवा आरडी क्रमांक मिळतो. मग बँक. शेवटी एसएसपी. क्रम चुकला, जुन्या आरडी क्रमांकाने अर्ज गेला, की तो पडताळणीत अडकतो.

बँकेचा घोळ तर वेगळाच. खात्याला आधार जोडलेलं असणं आणि शिष्यवृत्तीसाठी आधार 'सीडिंग' झालेलं असणं या दोन गोष्टी आहेत. सरकारी पैसे एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जुळवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत शेवटी ज्या बँकेचं नाव चढलं, तिथे जातात. मुलानं बारावीत एका बँकेत खातं काढलं, नंतर दुसऱ्या बँकेच्या मेळाव्यात शून्य शिलकीचं काढलं आणि तिथे संमतीच्या फॉर्मवर सही केली, तर रक्कम दुसरीकडे पडते आणि घरी पहिल्या पासबुकात शोध चालतो. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक सीड आहे ते दोन मिनिटांत दिसतं. मात्र ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो मुलाच्या हातात हवा. अनेकांच्या अर्जात नंबर सायबरवाल्याचा असतो. दुसऱ्या वर्षी पासवर्ड विसरला, सायबरवाल्यानं सिम बदललं, की खातंच बंद. नंबर आणि ईमेल स्वतःचा घालायचा, ही एवढी एक गोष्ट कॉलेजनं पहिल्या आठवड्यात वर्गात सांगितली तरी निम्म्या फेऱ्या वाचतील.

चंदगडहून बेळगावला येणाऱ्या मुलांचं आणखी अवघड. बारावी महाराष्ट्र मंडळाची, म्हणून मायग्रेशन आणि पात्रता प्रमाणपत्र लागतं. जातीचा दाखला महाराष्ट्राचा, त्याला आरडी क्रमांक नाही. रकाना तर भरावाच लागतो. मग काहीतरी आकडे टाकले जातात आणि अर्ज नाकारला जातो.

फिनलंडची गोष्ट अशासाठी सांगायची की तिथेही सगळं सुरळीत नाही. हेलसिंकी विद्यापीठानं 2021 मध्ये सिसू नावाची नवी प्रणाली घेतली, तेव्हा विद्यार्थी वैतागले होते. आपल्या अभ्यास-योजनेत विषय आधी घातला नसेल तर त्या विषयाला नाव नोंदवता येत नाही, आणि हे बऱ्याच जणांना नोंदणीच्या शेवटच्या दिवशी कळायचं. परदेशी विद्यार्थ्यांची अडचण निराळी. तिथली सरकारी ऑनलाइन ओळख मुख्यतः बँकेच्या खात्यावर चालते, आणि नवख्या माणसाला खातं उघडून मिळायलाच वेळ लागतो. पण विद्यापीठात असं एक टेबल असतं जिथे पासपोर्ट दाखवला की माणूस माणसाला ओळखून विद्यापीठाचं खातं सुरू करून देतो. ऑनलाइन आल्यावर ते टेबल काढलेलं नाही.

भाषेचं बघा. फिनलंडमध्ये स्वीडिश बोलणारे सुमारे पाच टक्के. 2004 पासून लागू असलेल्या भाषा कायद्यानुसार नगरपालिकेत अल्पसंख्य भाषक आठ टक्के किंवा तीन हजार असले की ती द्विभाषिक ठरते आणि माणसाला त्याच्या भाषेत सेवा द्यावी लागते. प्रवेशाचं राष्ट्रीय संकेतस्थळ फिनिश, स्वीडिश आणि इंग्रजीत चालतं. तरी स्वीडिशभाषकांच्या तक्रारी लोकपालाकडे जातच असतात, कारण मुखपृष्ठ त्यांच्या भाषेत असतं आणि आतलं उत्तर फिनिशमध्ये येतं.

नेमकं हे आतलं उत्तर आपल्या भाषेत हवं, असं आपल्याकडे कोणी मागत नाही. भारतातही 1956 च्या केंद्राच्या निवेदनापासून पंधरा टक्के भाषिक अल्पसंख्य असलेल्या भागात महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत काढण्याचं तत्त्व आहे, आणि बेळगाव जिल्ह्यात मराठी त्याहून जास्त आहेत. 2024 मध्ये फलकांवर साठ टक्के कन्नडचा नियम आला, त्यावर केवढं वादंग झालं. अर्ज नाकारल्याचं कारण आईवडिलांना वाचता येत नाही, यावर मोर्चा निघाल्याचं वाचनात नाही. पोर्टलचं मुखपृष्ठ मराठीत आलं आणि लाल अक्षरांतला संदेश इंग्रजीतच राहिला, तर मिळवलं काय?

सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो सुटेपर्यंत पोर्टलवर मराठी येणार नाही, असं म्हणणारे आहेत. असेल. पण नाकारण्याची नेहमीची कारणं पंचवीस-तीसच असतील. नाव जुळत नाही, दाखला वाचता येत नाही, फी अपूर्ण. त्यांचं मराठी आणि पुढे काय करायचं याचं एक पान बेळगावातल्या मराठी संस्थांची कॉलेजं उद्या छापू शकतात, त्याला बेंगळुरूची परवानगी लागत नाही. त्या पानावर दोन गोष्टी तरी असाव्यात. दाखला स्कॅन करताना आकार केबीत बसवायला इतका दाबू नये की शिक्का पुसट होईल. मोबाइलच्या फोटोपेक्षा स्कॅनरवर काढावा. आणि फी कापली गेली पण पोर्टलवर 'पेंडिंग' दिसतंय तर लगेच दुसऱ्यांदा भरू नये, व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवून एक-दोन दिवस थांबावं.

राज्याकडे मागायचं ते वेगळं. अंतर्गत गुण, म्हणजे मुलांच्या भाषेत आयए, कॉलेज भरतं आणि निकाल विद्यापीठ लावतं. एका विषयाचे गुण भरायचे राहिले की निकालात तो विषय अपूर्ण दिसतो. कॉलेज म्हणतं, आम्ही अपलोड केलंय, भूतरामनहट्टीला, म्हणजे विद्यापीठात जा. तिथे गेलं की उत्तर मिळतं, कॉलेजच्या लॉगिनमधून येऊ दे. खानापूरच्या मुलाचा दिवस आणि बसचं भाडं यात जातं. गुण कोणत्या तारखेला, कोणाच्या लॉगिनमधून पुढे गेले आणि आता कोणाकडे थांबलेत, एवढं मुलाच्या पडद्यावर दिसलं तर हा फेरा संपतो. यंत्रात ती नोंद असतेच, फक्त विद्यार्थ्याला दाखवत नाहीत. पोर्टल मराठीत करण्यापेक्षा ही मागणी स्वस्त आहे, आणि कन्नड मुलंही तिच्या पाठीशी उभी राहतील.

परदेशी शिकायला निघालेल्यांना हा घोळ शेवटी पुन्हा भेटतो. राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 चं, त्याआधीची पदवी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची. ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांचा अधिकृत उतारा, पदवीवर ज्या विद्यापीठाचं नाव त्याच्याकडूनच घ्यावं लागतं, कॉलेज तेच असलं तरी. नियमाप्रमाणे डिजिलॉकरमधली गुणपत्रिका भारतात मूळ कागदासारखी चालते, पण परदेशातली अनेक मूल्यांकन कार्यालयं विद्यापीठाकडून थेट आलेलं पाकीट किंवा ईमेलच मानतात. त्यात 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचं इंग्रजी नाव 'बेलगाम'चं 'बेळगावी' झालं, त्यामुळे पासपोर्टवर जुनं गाव आणि पदवीवर नवं. ही दोन्ही नावं एकाच शहराची, असं ट्रान्स्क्रिप्टच्या तळाशी एका ओळीत छापायला विद्यापीठाला काही खर्च नाही. आज त्यासाठी प्रत्येक मुलगा वेगळं प्रतिज्ञापत्र करत बसतो.