शेती नक्की कोणी पाहिली?
आजींवरचा लेख मनापासून लिहिलाय, पण 'आजींनी संसार सांभाळला, शेती आजोबांनी पाहिली' हे वाक्य खटकलं. खुरपणी, निंदणी, वेचणी बायकांनी करायची आणि शेती 'पाहिली' मात्र आजोबांनी? माझी थोरली चुलती गेल्या वर्षी गेली. ज्वारीचं बियाणं तीच धरायची. उभ्या पिकातून टपोरी कणसं हेरून वेगळी काढायची, कडक उन्हात वाळवायची, दाणे राखेत घोळवून मडक्यात भरायची. पेरणीला काका ऐटीत बैल हाकायचे, चाड्यावर (बी सोडायच्या वाडग्यावर) मूठ हिची. मूठ कुठे सैल सोडायची नि कुठे आवळायची, हे काकांना शेवटपर्यंत जमलं नाही (तेही हे कबूल करायचे, पण ती समोर नसताना!). ती गेल्यावर मृत्यूच्या नोंदीत व्यवसायापुढे 'निरंक' लागलं. सातबाऱ्यावर तर तिचं नाव कधी नव्हतंच.

जनगणनेतही नुसतं घरकाम करणारी बाई 'काम न करणारी'तच मोजतात. २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं. पुरुषांचे ९७, तेही जे करतात त्यांचे. त्यामुळे लेखकाला एकच विनंती: आजींच्या बरोबरीच्या बायका गावात असतील, तर त्यांना विचारून शेतातलं काय काय आजींच्या हातात होतं ते लिहा. आजोबांबद्दल पुष्कळ आलंय.