20 मिनिटांत निम्मं, म्हणून 2 तासांत अख्खं तळं?

एक पोस्ट सगळीकडे फिरते आहे. मेथिलीन ब्लू या रंगद्रव्याचं निळं पाणी, त्यात टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी (प्रकाश पडला की प्रदूषक तोडणारा उत्प्रेरक), वर अतिनील दिवा. 20 मिनिटांत रंग निम्मा, आलेखावर सरळ रेघ, आर-स्क्वेअर (बिंदू रेघेला किती जुळतात याचा आकडा, कमाल 1) 0.99. त्यावरून निष्कर्ष असा: अर्धायुष्य 20 मिनिटं, 2 तासांत सहा अर्धायुष्यं, म्हणजे 98 टक्के प्रदूषण साफ. तळं असो की सांडपाणी, भुकटी टाका आणि ऊन पडू द्या. प्रकाश दुप्पट केलात तर वेळ निम्मा.

मी दुर्लक्ष केलं असतं. पण भाचीने एमएस्सीच्या प्रकल्पात हाच हिशेब उतरवला आणि वर मलाच सुनावलं, ‘मामा, सगळे असंच करतात.’ करतात, हे दुर्दैवाने खरं आहे.

‘अर्धायुष्य 20 मिनिटं.’ कोणाचं? किरणोत्सारी मूलद्रव्याचं अर्धायुष्य त्याचं स्वतःचं असतं, कितीही घ्या. इथे अभिक्रिया भुकटीच्या पृष्ठभागावर होते आणि तिथल्या जागा मोजक्या असतात. संहती (पाण्यात प्रदूषक किती दाट आहे ते) कमी असताना वेग तिच्या प्रमाणात वाढतो; जागा भरत आल्या की वेग संहतीला जुमानेनासा होतो. लँगम्यूर-हिन्शेलवूड समीकरण म्हणजे एवढंच. कागदावर करून बघा. समजा, कमाल वेग मिनिटाला लिटरमागे 1 मिलिग्रॅम आणि अधिशोषण स्थिरांक (प्रदूषक पृष्ठभागाला किती घट्ट चिकटतो त्याचा आकडा) 0.2 लिटर प्रति मिलिग्रॅम (आकडे सोयीसाठी घेतलेत). लिटरमध्ये 1 मिलिग्रॅम प्रदूषक असेल तर निम्मं व्हायला सुमारे 4 मिनिटं लागतात. 10 असेल तर साडेआठ. 100 असेल तर 53. भुकटी तीच, दिवा तोच. आता अहवालात कोणतं अर्धायुष्य लिहायचं?

बरं, प्रदूषक अगदी विरळ असेल तर प्रथम कोटीचं साधं सूत्र (वेग संहतीच्या थेट प्रमाणात) चालतं, हे मान्य. पण तेव्हाही हाती येणारा स्थिरांक त्या दिव्याचा, त्या भांड्याचा आणि त्या पाण्याचा असतो. तो उचलून तळ्याला लावता येत नाही.

लँगम्यूर-हिन्शेलवूडलाही फार डोक्यावर घेऊ नका. डेव्हिड ऑलिस यांचा ‘जर्नल ऑफ फिजिकल केमिस्ट्री बी’मधला 2005 सालचा लेख वाचा. अधिशोषण स्थिरांक खरोखर समतोलाचा (चिकटणं आणि सुटणं सारख्याच वेगाने) असेल, तर प्रकाश कमी-जास्त केल्याने तो बदलायचं कारण नाही. पण वेगाच्या मोजमापांतून काढलेला हा स्थिरांक प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर बदलताना दिसतो. म्हणजे समतोलाचं गृहीतकच लंगडं. ऑलिस त्याजागी पृष्ठभागावर स्थिर-अवस्था (जेवढं चिकटतं तेवढंच सुटतं किंवा अभिक्रियेत संपतं) धरतात, आणि मग स्थिरांकांत प्रकाश आपोआप शिरतो. प्रकाशाची तीव्रता न सांगता दिलेला वेग स्थिरांक मी तरी वाचायचं सोडून दिलं आहे.

‘आर-स्क्वेअर 0.99, म्हणजे प्रथम कोटी सिद्ध.’ शून्य कोटीची अभिक्रिया घ्या, वेग ठाम, संहतीशी काही संबंध नाही. 0, 10, 20 आणि 30 टक्के विघटनाचे चार बिंदू समान अंतराने घ्या आणि लॉगरिदमच्या आलेखावर मांडा, जिथे सरळ रेघ फक्त प्रथम कोटीची यायला हवी. आर-स्क्वेअर 0.997 येतो! चुकीच्या मॉडेलला एवढे गुण मिळत असतील तर ती परीक्षा कसली?

‘प्रकाश दुप्पट, वेळ निम्मा.’ मंद प्रकाशात बरोबर. तीव्रता वाढली की प्रकाशाने भुकटीत सुटलेले इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या मागे उरलेल्या रिकाम्या जागा (होल) एकमेकांनाच गाठून संपतात, वेग वर्गमुळाने वाढतो, म्हणजे दुपटीला 1.4 पट. आणखी पुढे तो वाढायचाच थांबतो.

‘रंग गेला, विष गेलं.’ खरा संताप याचा. यंत्रावर मोजलं काय, तर 664 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचं शोषण. रेणूवरचे मेथिल गट एकेक करून गळले तरी ते शिखर सरकतं, तिथलं शोषण उतरतं, आणि मुख्य सांगाडा शाबूत असतो. मेथिलीन ब्लूचं क्षपण झालं (त्याला इलेक्ट्रॉन मिळाले) तर रंगहीन ल्यूको रूप तयार होतं, जे हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा निळं होतं! शिवाय हा रंग दृश्य प्रकाश स्वतःच शोषतो आणि इलेक्ट्रॉन भुकटीला देतो, त्यामुळे दृश्य प्रकाशातल्या प्रयोगात श्रेय उत्प्रेरकाचं की रंगाचं, तेही ठरत नाही. काही प्रदूषकांची मधली उत्पादनं मूळ पदार्थापेक्षा जास्त विषारी असतात. पाण्यात एकूण सेंद्रिय कार्बन किती उरला हे मोजल्याशिवाय ‘साफ’ हा शब्द वापरूच नये. तो कार्बन रंगापेक्षा बराच हळू उतरतो, आणि पोस्टमध्ये नेमका तोच आकडा नाही.

राहिलं तळं. पोस्टमध्ये 1972 सालच्या फुजिशिमा-होंडा शोधाचा दाखला आहे. साल बरोबर, पण तो प्रयोग इलेक्ट्रोडवर पाण्याचं विघटन करण्याचा होता, प्रदूषण काढण्याचा नव्हे. अ‍ॅनाटेज रूपातल्या टायटॅनियम डायऑक्साइडला 387 नॅनोमीटरच्या आतला प्रकाश लागतो, आणि उन्हात अतिनील भाग जेमतेम 5 टक्के. भुकटीने पाणी दुधाळ झालं की तोही खोलवर पोचत नाही. नैसर्गिक पाण्यातलं बायकार्बोनेट प्रदूषक तोडणारी हायड्रॉक्सिल मूलकं मधल्यामध्ये खाऊन टाकतं. आणि एवढी बारीक भुकटी तळ्यातून परत कशी काढायची, याबद्दल पोस्टमध्ये एक ओळ नाही.