देव नको, पण फील हवा

देव मानत नाही, हे एकदा चारचौघांत सांगून बसलात की श्रावण अंगावर येतो. कानबाईला, म्हणजे आपल्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाला, या म्हणून आईचा फोन येतो आणि टू-बीएचकेत बिल्डरने देवघराचा कोनाडा तर ठेवलेलाच असतो. तो रिकामा सोडू नका. त्याला आर्ट कॉर्नर म्हणा. आजीची पितळी अन्नपूर्णा तिथेच राहू द्या, फक्त कुंकू पुसा आणि वरून पिवळा स्पॉटलाइट सोडा. चिंच लावून मात्र घासू नका. काळपट पितळ अँटिक ठरतं. लखलखीत दिसलं की घरात कुणीतरी पूजा करतं, असा संशय येतो.

मग टीपॉय करायला गावाकडून जातं आणा. बहिणाबाई चौधरी आपल्या जळगावजवळच्या आसोद्याच्या, 1880 ते 1951, अक्षरओळख नव्हती, गाणी मुलाने उतरवून घेतली, एवढं पाठ असलं की पाहुण्यांपुढे पुरतं. जात्याचा खुंटा आधी काढून टाका, नाहीतर वर काच बसत नाही. काच 12 मिलिमीटरची घ्या. 5 ची घेतलीत तर काठाबाहेर आलेल्या भागावर कुणी कोपर टेकवलं की तडकते. दगडाला वार्निश मारा. त्याने टाकीने पाडलेल्या खाचा बुजतात, गहू नुसते घसरत फिरतात, पीठ पडत नाही. पडायला नकोच आहे. आपल्याला ओवीचं वातावरण हवं, दळण चक्कीवाला देतो.

एवढ्याने आत्मा हलला नाही तर अजिंठा. जळगावहून 60 किलोमीटर. सोमवारी लेणी बंद असतात, आणि लाँग वीकेंडला जोडून नेमका सोमवारच धरणारे बरेच असतात. ते फर्दापूर फाट्यावर भजी खाऊन परततात. वार साधलात तर गाडी फाट्यावर लावून पुढे बसने जा. पहिल्या लेण्यात शिरताना चपला बाहेर काढायला सांगतात. दचकू नका. गावच्या मुक्ताईच्या देवळात तुम्ही याच कारणावरून पायरीवर उभे राहिला होता हे खरं, पण इथे त्या देवासाठी काढायच्या नसतात, चित्रांसाठी काढायच्या असतात. गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या हाताला पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र. समोर उभं राहून आवाज खाली आणा, हात पुढे बांधा, डोळे अर्धे मिटा. मनात आलंच तर माती-शेण-भुशाचा गिलावा, त्यावर चुन्याचा हात, त्यावर गेरू, काजळी आणि अफगाणिस्तानातून आलेला निळा लाजवर्द, असं पुटपुटा. तेवढंच स्तोत्र. फ्लॅश मारू नका आणि फार वेळ रेंगाळूही नका, गर्दीच्या श्वासाची ओल त्या गिलाव्याला सोसत नाही.

दहाव्या लेण्यात तुमचे पूर्वज भेटतील. ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथ, 28 एप्रिल 1819. वाघाच्या शिकारीला आला, चित्रं पाहून भारावला आणि भारावल्या भरात बोधिसत्त्वाच्या अंगावर स्वतःचं नाव नि तारीख कोरून गेला. तेव्हा लेण्यात गाळ साचलेला होता, त्यावर उभा राहून कोरल्यामुळे ते नाव आज डोक्याच्याही वर दिसतं. तुमच्याकडे सेल्फी आहे, खिळा लागत नाही.

चाळीसगावला केकी मूस यांचं घर आहे, तिथे जायचं का ते तुमचं तुम्ही ठरवा. हा माणूस वर्षानुवर्षं घराबाहेर न पडता टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यातून निसर्गदृश्यं उभी करायचा आणि त्यांचे फोटो काढायचा. असं पाहिलं की आपला आर्ट कॉर्नर उगाच डोळ्यात खुपू लागतो.

आता कानबाई. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार. जायचंच, पण 'फोक आर्ट डॉक्युमेंट करायला' म्हणून. नारळाला डोळे, नथ, चौरंगावर नवं वस्त्र, बाजूला केळीचे खांब. फ्रेम सुंदर मिळते. बायका रात्रभर गातात तिथे रेकॉर्डर मधोमध ठेवू नका, फुगड्यांनी जमीन हादरते आणि ऐकताना नुसता धपधप आवाज येतो. पुण्याचा मित्र सोबत आणलात तर त्याला आधीच समजावून ठेवा. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी बघून तो 'ऑथेंटिक' म्हणत रोटाकडे, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या गव्हाच्या पोळीकडे, हात नेईल आणि काकू ताट मागे ओढून म्हणेल, "रोट भाऊबंदस्लेच शे, भाऊ." रोट बाहेरच्याला देत नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवावे लागतात. तुम्ही ग्लूटेन सोडलंय, हे या वेळी बोलू नका. सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात, तेव्हा तुमचं ऑफिसचं कॉल असेल. म्यूटवर टाका, डफ मागे ऐकू येतो.

आणि गव्हाचं. रोटांसाठी घरातल्या माणसांच्या नावाने प्रत्येकी सव्वा मूठ मोजतात. तुम्ही मानत नाही, येणार नाही, सुरतेला आहात की पुण्याला, आई काही विचारत नाही. तुमची सव्वा मूठ आदल्या दिवशीच चक्कीवर जाऊन आलेली असते.